वाचकांचे प्रश्न: मधुमेह आणि पावसाळ्याआधीची फ्लूची लस

वडील ६८ वर्षांचे आहेत. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्यांवर साखर ताब्यात असते. दर तीन महिन्यांनी तपासणी होते, पण फ्लूच्या लसीचा विषय कधी निघालाच नाही. खरंच लागते का? आणि कधी घ्यायची? (सांगली)

लागते, आणि दरवर्षी लागते. साखर वाढली की जंतूंना गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. दुसरीकडे फ्लूच्या तापात शरीर ताणाची संप्रेरके सोडते आणि ती साखर आणखी चढवतात. म्हणजे एक दुखणे दुसऱ्याला खतपाणी घालते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात असे दिसले की मधुमेहींना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता तिप्पट होती, आणि दाखल झालेल्यांत आयसीयूत जाण्याची चौपट. त्यात हृदयाचा धोका वेगळाच. कॅनडातल्याच ऑन्टारियो प्रांतातल्या २०१८ च्या अभ्यासानुसार फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे सहा पट होते. आज साखर ताब्यात आहे हे उत्तमच, पण तापात ती तशीच राहील असे नाही.

आता वेळ. व्हॉट्सअॅपवर ‘ऑक्टोबरमध्ये लस घ्या’ असा संदेश फिरतो, तो अमेरिका-युरोपच्या हिवाळ्यासाठी असतो. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, साधारण जुलै ते सप्टेंबर. दुसरी, लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे जातात, म्हणून एप्रिलअखेर ते मेअखेर ही योग्य वेळ. ती हुकली तर जुलैतही घ्यावी, पुढच्या वर्षावर ढकलू नये.

माझे एचबीए१सी ९.८ आहे. आधी साखर उतरवावी, मग लस घ्यावी, असे घरचे म्हणतात. (परभणी)

उलट आहे. एचबीए१सी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. ती खाली येईपर्यंत निम्मा पावसाळा उलटेल, आणि या काळात सगळ्यात जास्त धोका तुम्हालाच. थांबायचे ते ताप किंवा मोठा तीव्र आजार चालू असेल तर, किंवा साखर इतकी चढली असेल की उलट्या होताहेत, लघवीत कीटोन (इन्सुलिन फार कमी पडल्यावर शरीरात साचणारे आम्लधर्मी पदार्थ) आहेत. साध्या सर्दीसाठी थांबू नका. लस घेतल्यावर एक-दोन दिवस दंड दुखेल, थोडी कणकण वाटेल, कुणाची साखर किंचित वर जाईल. ग्लुकोमीटरवर नेहमीपेक्षा एक-दोन वेळा जास्त तपासा, गोळ्या-इन्सुलिन मनाने वाढवू नका. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल तर लस दुसऱ्या हातावर घ्या.

गेल्या वर्षी लस घेतली आणि आठवड्यातच सर्दी-ताप आला. लसीनेच फ्लू झाला ना? (ठाणे)

नाही. दंडात देतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिने फ्लू होऊ शकत नाही. आठवड्याच्या आत संरक्षणही पुरते तयार झालेले नसते, शिवाय सर्दी देणारे इतर विषाणू डझनावारी आहेत आणि त्यांच्यावर ही लस चालत नाही. हेही स्पष्ट सांगायला हवे की लसीचे वाण फिरणाऱ्या विषाणूशी चांगले जुळले तरी फ्लूने डॉक्टर गाठायची वेळ ४० ते ६० टक्केच कमी होते. ‘लस घेतली, आता काही होणार नाही’ असे कुणी सांगितले असेल तर ते चूक सांगितले. मधुमेहींनी ती घ्यायची ती मुख्यतः रुग्णालय टाळण्यासाठी.

मेडिकलमधून लस आणली, पण डॉक्टर दोन दिवस बाहेरगावी होते. तोवर फ्रीझरमध्ये ठेवली. चालेल का? (धुळे)

चालणार नाही, टाकून द्या. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते आणि एकदा गोठली की निकामी होते. वितळल्यावर नुसते पाहून ते कळतही नाही. फ्रीजच्या दारात ठेवणेही वाईट, तिथले तापमान सारखे वरखाली होते. शक्यतो ज्या दवाखान्यात लसीचा फ्रीज आहे तिथेच जाऊन टोचून घ्यावी. आणावीच लागली तर डॉक्टर हजर आहेत याची आधी फोनवर खात्री करा आणि बर्फाच्या पॅकला सिरिंज थेट चिकटणार नाही अशी कागदात गुंडाळून आणा. खोक्यावर दोन गोष्टी वाचा: मोसम आणि मुदत. एप्रिलमध्ये दुकानात गेल्या मोसमाचा साठा शिल्लक असू शकतो. लस तीन घटकांची (म्हणजे तीन फ्लू विषाणूंविरुद्धची) की चार, यावर डोके शिणवू नका. चौथा घटक ज्या ‘यामागाता’ नावाच्या फ्लू-बी विषाणूसाठी होता तो मार्च २०२० नंतर जगात खात्रीने सापडलेला नाही.

मुलगी ७ वर्षांची, टाइप १ मधुमेह, इन्सुलिनवर. नाकात फवारायची लस मिळते म्हणे. सुई वाचेल. (नाशिक)

तिला नको. नाकातली लस दुबळ्या पण जिवंत विषाणूची असते आणि मधुमेहींना टोचायचीच देतात. पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील, पुढे दरवर्षी एक.

आमच्या मधुमेह मंडळात साठ सभासद आहेत, फ्लूची लस घेतलेले दोघे. लोकांना सांगून काही होत नाही. काय करावे? (कराड)

दोघे म्हणजे देशाच्या सरासरीच्या वरच आहात! २०१७-१८ च्या राष्ट्रीय वार्धक्य पाहणीत ४५ वर्षांवरील लोकांत ही लस घेतलेले शंभरात दोनही निघाले नाहीत. लोक लसीला घाबरतात असे म्हटले जाते. आमच्या मते भीती थोडी, आणि ‘कुणी सांगितलेच नाही’ हे जास्त. व्याख्यान ठेवण्यापेक्षा तारीख ठरवा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक सकाळ, मंडळाच्या साखर तपासणीला जोडून, ओळखीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नावे आधी घ्या, म्हणजे तेवढ्याच लसी मागवता येतात. टोचल्यावर प्रत्येकाला १५ मिनिटे बसवून ठेवा. आधी कधी या लसीची गंभीर अॅलर्जी आली असेल तर त्याला देऊ नका. आधीच्या लसीनंतर सहा आठवड्यांत गियाँ-बारे (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) झाला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांना बारीक सुईने द्या आणि जागा दोन मिनिटे दाबून धरा, चोळू नका.

खर्च हा खरा अडसर आहे. खासगीत साधारण दीड ते अडीच हजार रुपये. पण राज्य सरकार २०१५ पासून गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या गटांना ही लस सरकारी दवाखान्यांतून मोफत देत आले आहे. साठा मोजका असतो, म्हणून उपजिल्हा रुग्णालयात एप्रिलमध्येच चौकशी करा. आणि सगळ्यात परिणामकारक उपाय: सभासदांच्या नेहमीच्या डॉक्टरांना गाठून औषधाच्या चिठ्ठीवर मेटफॉर्मिनच्या खाली एक ओळ लिहायला सांगा, ‘फ्लूची लस, मे’. चिठ्ठीवर असते ते लोक आणतात.

लस घेऊनही फ्लू झालाच तर? (पणजी)

पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांकडे जा. मधुमेही जोखमीच्या गटात येतात, त्यामुळे ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता सुरू करता येते; मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, मूत्रपिंड अधू असेल तर कमी. साखर दर चार तासांनी बघा. पाणी, ताक, पेज घेत राहा. खाणे जात नसेल किंवा उलट्या होत असतील तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात, पण टाइप १ असेल तर इन्सुलिन कधीही बंद करायचे नाही. साखर ३०० च्या वर अडकून राहिली, धाप लागली किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर थेट रुग्णालय गाठा.