दसऱ्यानंतर मैत्रिणींची आठवण येऊन रडू येतं, तेव्हा

नवरात्र उरकलं की बडोद्यात माझ्याकडे हा प्रश्न दरवर्षी येतो: "इतकी मजा केली, मग आता उदास का वाटतं? आमची मैत्री वरवरचीच होती का?"

दांडिया बाजाराकडची एक मुलगी हेच विचारत आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिचा शाळेपासूनचा ग्रुप लग्नं आणि नोकऱ्यांमुळे पांगलेला. नवरात्रात सगळ्या माहेरी जमल्या आणि रोज रात्री गरब्याला गेल्या. घरी घट बसलेले, पण ही एकाही आरतीला नव्हती. दसऱ्याला मैत्रिणी परतल्या आणि ही फोटो बघत बसली. बहुतेक फोटोंत ती नव्हतीच, कारण काढणारी तीच. "ताई, मी त्यांच्यातली होते, की नुसती त्यांच्याबरोबर होते?" ग्रुप सोडते आहे असा लांबलचक मेसेज लिहून तयार होता, पाठवायचा तेवढा बाकी होता.

मी आधी झोपेचं विचारलं. गरबा बाराला थांबायचा, मग खाणंपिणं, घरी यायला दोन आणि सकाळी मकरपुऱ्यात कामावर. सलग नऊ दिवस. झोप मोडली की मन दुखरं तेच आधी टिपतं. शिवाय एका तालावर शेकडो लोकांबरोबर फेर धरला की अनोळखी माणूसही आपलं वाटतं, आणि दसऱ्याला ते सगळं एकदम बंद होतं. ही पोकळी खरी असते, पण तिच्यावरून मैत्रीचा निकाल लावू नये. आधी आठवडाभर नीट झोप, मेसेज तोवर राहू दे, एवढंच सांगितलं.

पुढच्या भेटीत तिला प्रत्येक रात्रीची एकेक गोष्ट आठवायला लावली. बऱ्याच रात्री एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. एक मात्र लख्ख आठवली. चणियाची किनार पायात येऊन उसवली, तेव्हा ग्रुपमधली सगळ्यात अबोल मैत्रीण फेर सोडून तिच्याबरोबर चपलांच्या ढिगाशेजारी बसली. पर्समधल्या सेफ्टी पिना एकेक करून लावता लावता, मान खाली घालूनच म्हणाली, "सासरी माझ्याशी कुणी बोलत नाही गं." दोघी मग उठल्याच नाहीत. या रात्रीचा फोटो नाही.

हे सांगताना ती पहिल्यांदा रडायची थांबली. पण म्हणून बाकीचं दुखणं खोटं ठरत नाही, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं. जी नाही म्हणत नाही, तिच्या हातात फोन देऊन मोकळं होणं हे बरोबर नव्हतंच. ते बोलायला हवं, पण ग्रुपवर नव्हे. पास काढणारी, सगळं ठरवणारी जी मैत्रीण आहे तिच्याशी, फोनवर. तिनं केला फोन. पलीकडून थोडं फणकाऱ्यानंच उत्तर आलं, "मग तेव्हाच सांगायचंस ना!" गोड शेवट झाला नाही, पण मनातलं बाहेर पडलं.

घटांपाशी नव्हते, याची टोचणीही होती. त्याबद्दल आईलाच विचार, असं मी सुचवलं. आई म्हणाली, "माळ काय, मी बांधतेच. अष्टमीला जेवायला तरी थांबायचंस." एवढंच होतं ते, आणि पुढच्या वर्षी करता येण्यासारखं.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली, कशातच रस वाटेना, तर मात्र सणाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत असतो. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका.

ग्रुपमध्ये राहायचं की नाही हे या मुलीनं अजून ठरवलेलं नाही, आणि मलाही त्याची घाई वाटत नाही. त्या अबोल मैत्रिणीला मात्र ती दर रविवारी दुपारी फोन करते. तेव्हा सासरची मंडळी झोपलेली असतात, तिला मोकळेपणी बोलता येतं.