व्हाळातला गाळ मीटरवर कळतो का?

प्रश्न: सर, आमच्या गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या व्हाळात (ओढ्यात) प्रोजेक्टसाठी गढूळपणा मोजणारा सेन्सर बसवलाय, दर 15 मिनिटांनी रीडिंग येतं. पाऊस लागला की आकडा 300-400 एनटीयूवर (गढूळपणा मोजायचं एकक) जातो. म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम गाळ धरायचा का?
– एक विद्यार्थिनी, साखळी

उत्तर: तसं धरू नकोस बाय. सेन्सर गाळाचं वजन करतच नाही, तो पाण्यात उजेड सोडतो आणि कणांवर आपटून किती उजेड बाजूला फेकला जातो तेवढंच बघतो. एक ग्रॅम बारीक चिकणमाती जेवढा उजेड उडवते तेवढा एक ग्रॅम रेती नाही उडवत, आणि खनिजाची काळपट पूड तर उजेड गिळते, म्हणून डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातून उतरणाऱ्या पाण्याला दुसऱ्या नदीचं सूत्र लावायचं नाही, तुझ्या व्हाळाचं सूत्र तुझ्याच व्हाळातून काढायचं.

त्यासाठी बाटल्या भराव्या लागतील, दुसरा इलाज नाही. पाणी भर, वेळ लिहून ठेव, लॅबमध्ये फिल्टर पेपरवर गाळून 105 डिग्रीला सुकव, वजन कर आणि त्याच वेळच्या रीडिंगसमोर मांड. पण उन्हाळ्यातल्या नितळ पाण्याच्या पन्नास बाटल्या घेऊन काही उपयोग नाही गो, वर्षाचा बहुतेक गाळ पावसाळ्यातल्या मोजक्या पुरांतच वाहून जातो! जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला रेनकोट घालून जायलाच हवं, पाणी चढताना आणि उतरतानाही भर, कारण पाण्याची पातळी तीच असली तरी चढत्या पाण्यात बऱ्याचदा गाळ जास्त असतो. पण पाण्यात उतरू नकोस, पुलावरून दोरीने बाटली सोड.

मग दोन्ही आकड्यांचे लॉग (गणितातले लॉगरिदम) घेऊन रेषा बसव. लॉगमधून परत आणताना उत्तर थोडं कमी येतं, त्याला संख्याशास्त्रज्ञ दुआन यांनी 1983 मध्ये दिलेली दुरुस्ती आहे, ती लाव. त्या रेषेवरून आलेला गाळाचा आकडा प्रवाहाशी गुणला की टनात हिशेब मिळतो: लिटरला 200 मिलिग्रॅम आणि सेकंदाला 50 घनमीटर पाणी, म्हणजे दिवसाला 864 टन.

आणखी एक, पाऊस नसताना आकडा हळूहळू चढत असेल तर तो गाळ नाही, काचेवर शेवाळ धरलंय, पुसून घे. आणि पुरात ग्राफ वर जाऊन सपाट झाला तर सेन्सरची मर्यादा संपली, त्या तासांना फक्त तुझी बाटलीच खरी.