पूर वेगळा, हरिकेन वेगळं

भावा, बायको-पोराला घेऊन इथं अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपाला येतोयस आणि विचारलंस, "हरिकेनला किती घाबरायचं? आपण तर २०१९चा महापूर काढलाय." व्हिसा, भाडं, पगार हे सगळं कुठंही वाचायला मिळेल. पण "पूर काढलाय" हे वाचून राहवलं नाही.

आपली कोल्हापूरची पंचगंगा वेळ देते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा, ४३ ला धोका. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की आपण माळ्यावर सामान चढवायला लागतो. हरिकेन म्हणजे इकडचं समुद्री चक्रीवादळ, त्याची वाट दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी कळते. त्याचा जोर मात्र एका रात्रीत बदलू शकतो.

बऱ्याचदा सुरुवात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेल्या साध्या ढगांच्या पट्ट्यातून होते. त्यातले बहुतेक वाटेतच विरतात. वरचा वारा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे असला की ढगांची उतरंडच मोडते. सहाराची कोरडी हवा घुसली तरी तेच. पण वारा शांत असेल आणि समुद्र साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेला असेल, तर वाफ वर जाते, तिचं पाणी होताना उष्णता सुटते, हवा हलकी होते, खालचा दाब उतरतो आणि आजूबाजूचा दमट वारा आत ओढला जातो. तो आणखी वाफ आणतो. गुऱ्हाळात त्याच उसाची चिपाडं चुलवाणात जाऊन त्याचाच रस उकळतो, तसं हे स्वतःचं जळण स्वतःच गोळा करतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळं वारा गोल फिरू लागतो. ताशी ११९ किलोमीटर झाला की त्याला हरिकेन म्हणायचं.

वादळ समुद्र ढवळतं, खालचं गार पाणी वर येतं आणि जोर ओसरतो. मेक्सिकोच्या आखातात मात्र काही ठिकाणी गरम पाणी इतकं खोल असतं की ढवळूनही गरमच वर येतं. २०२४ चं मिल्टन तर आखातातच तयार झालं. ६ ऑक्टोबरला, रविवारी दुपारी ते जेमतेम हरिकेन होतं. सोमवारी दुपारी पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत! ९ तारखेच्या रात्री टँपाच्या दक्षिणेला सिएस्टा की बेटाला धडकेपर्यंत वरच्या वाऱ्यांनी त्याला तिसऱ्या श्रेणीवर आणलं होतं, पण निघायचं की नाही हे त्याच्या आधीच ठरवावं लागतं. त्याआधी दोन आठवडे हेलीन हे हरिकेन टँपापासून दीडशे किलोमीटरपेक्षा लांबून गेलं, तरी खाडीकाठच्या घरांत समुद्र शिरला. म्हणून घर बघताना किचन नंतर बघ, आधी ते कुठल्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये, म्हणजे वादळाआधी रिकाम्या करायच्या कुठल्या पट्ट्यात येतं ते बघ. अ झोन सगळ्यात आधी रिकामा करतात. आणि पुराचा विमा घराच्या विम्यात नसतो, तो वेगळा काढावा लागतो.

पोराच्या शाळेचं सांगतो. फॉर्मवर घरची भाषा विचारतात. आम्ही खरं तेच, मराठी, लिहिलं. इंग्लिश मीडियमची माझी पोरगी, तिची परीक्षा घेतली आणि इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात बसवली. लसीकरणाचे आपले कागद चालले नाहीत, इथल्या डॉक्टरकडून त्यांच्याच फॉर्मवर उतरवून आणावे लागले. दाखल्यावरचा गोल शिक्का कुणी वाचलासुद्धा नाही. ती महिनोन् महिने गप्प होती. तो राग अजून गेलेला नाही.

एकटेपणाचं विचारलंस. होतं एकटं, निघतं त्यातून माणूस.

जे निघत नाही ते वेगळंच. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे बंद झाला तेव्हा मी इथं होतो आणि आई-बाबा शाहूपुरीत. गल्लीतल्या पोरांनी त्यांना बाहेर काढलं. मिल्टनच्या वेळी आम्ही गाडी भरून निघालो, शेजाऱ्यानं हात केला आणि तोही आपल्या वाटेनं गेला. वाईट नाहीत ही माणसं, पण इथं ज्याचं त्यानं निघायचं असतं. बाबा रात्रभर फोनवर होते. त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं, आणि २०१९ ला त्यांना सुचत नसणार.

तुझे आई-वडील कुठं राहतात ते कळव. नदीकडच्या भागात असतील तर निघायच्या आधी गल्लीतल्या दोघा-तिघांचे नंबर घे, त्यांच्या घरी जाऊन बस, सरळ सांग की पाणी चढलं तर बघायचं तुम्हीच आहे. विमानाचं तिकीट त्यानंतर काढ.