गिट एमव्ही केलं, तरी फाइल डिलीट आणि नवीन का दिसते?

प्रश्न असा: गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) वापरताना फोल्डर गिट एमव्ही या हलवायच्या कमांडनेच हलवलं, मग बदलांचा गोषवारा देणारं गिट डिफ --स्टॅट निम्म्या फाइली आधी उडवलेल्या आणि मग नव्याने आलेल्या का दाखवतं?

कारण गिट रिनेम कुठेच नोंदवत नाही. गिट एमव्ही फाइल हलवतं, जुना पाथ इंडेक्समधून (पुढच्या नोंदीसाठीच्या यादीतून) काढतं, नवा टाकतं, बस्स. रिनेम ठरतो डिफ काढताना, गायब झालेल्या आणि नव्या फाइलींचा मजकूर ताडून. साम्य 50% भरलं तर रिनेम, नाहीतर दोन वेगळ्या फाइली.

हे साम्य साधारण अख्ख्या ओळींवर मोजलं जातं. हलवता हलवता फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारं साधन) चालवून इंडेंट बदलला, की वाचणाऱ्याला फाइल तीच वाटते, गिटला जवळपास प्रत्येक ओळ नवी. इथे -डब्ल्यू (लहान डब्ल्यू) कामाचा नाही; तो फक्त दिसणाऱ्या डिफमधला स्पेसचा फरक लपवतो, रिनेमच्या मोजणीत शिरत नाही. छोट्या फाइली तर हमखास मार खातात: सहा ओळींत पॅकेज, दोन इम्पोर्ट आणि क्लासचं नाव बदललं की उरतं काय?

आधी गिट डिफ --नेम-स्टेटस मेन...हेड चालवा; हे मेनपासून ब्रँच फुटली ती जागा आणि ब्रँचचं ताजं टोक ताडतं. आर087 म्हणजे 87% साम्याचा रिनेम. डी (डिलीट) आणि ए (नवी फाइल) वेगळे दिसले तर जोडी जुळली नाही. मग कॅपिटल एम वापरून -एम30% द्या. टक्क्याचं चिन्ह विसरू नका: -एम100 म्हणजे 100% नव्हे, 10%, कारण नुसता आकडा दशांश चिन्हानंतरचा धरला जातो. फार खाली उतरलात तर नुसता लायसन्स हेडर सारखा असलेल्या परक्या फाइलींच्याही जोड्या लागतात, म्हणून यादी डोळ्यांखालून घाला.

डिफला फक्त नवा पाथ दिला तर जुनी बाजू गिटपुढे येतच नाही आणि फाइल नवीनच दिसते. दोन्ही पाथ द्या. एकाच फाइलीचा इतिहास हवा असेल तर गिट लॉग --फॉलो.

फाइली शेकड्यांनी हलल्या असतील आणि रिनेम शोधणं वगळल्याची वॉर्निंग आली, तर लहान एल वापरून -एल5000 लावा, म्हणजे किती फाइली ताडायच्या याची मर्यादा वाढते. जशाच्या तशा हललेल्या फाइलींना ही मर्यादा लागत नाही.

हलवण्याचा कमिट (इतिहासातली एक नोंद) वेगळा, बदलांचा वेगळा, हा सल्ला बरोबरच आहे, पण अर्धा. त्याचा फायदा --फॉलोला आणि कमिटवार रिव्ह्यू करणाऱ्याला. मेन...हेड मात्र फक्त दोन टोकं ताडतं, मधले कमिट बघत नाही; मर्जही तसाच. स्क्वॅश केलंत, म्हणजे सगळे कमिट एकात मिसळलेत, तर तो वेगळा कमिटही गेला. फार बदलायचं असेल तर हलवणं आधी स्वतंत्र मर्ज करून घ्या, बदलांची ब्रँच त्यानंतर काढा.