आधी उंची मोजा, मग तिकीट काढा
जमाखर्च : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मिरजेचे. मिस्टर कॉलेजात नोकरीला आहेत, मी घरून शिवणकाम करते. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. सासूबाई ६६ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण यायचंच म्हणतात. भिशी आणि आरडी मिळून ३ लाख रुपये जमलेत. मुलांना सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज हे राइडचं पार्क दाखवायचं आहे. टूरवाल्यांनी पाच रात्री, पाच माणसं, 'सगळं त्यात' असे साडेचार लाख सांगितले. आपलं आपण गेलो तर ३ लाखांत बसेल का? आणि दिवाळीत जावं की मे महिन्यात?
— एक वाचक, मिरज

उत्तर : बसेल, पण काठोकाठ. माझीच वही उघडून सांगते. २०२३ च्या मे महिन्यात आम्हीही पाच जण गेलो होतो: आम्ही दोघं, बारा वर्षांची लेक, सात वर्षांचा मुलगा आणि माझी आई. विमान १,३२,०००. लिटिल इंडियात दोन छोट्या खोल्या, पाच रात्री, ५८,०००. व्हिसा एजंटच्या हमालीसकट १३,०००. प्रवासविमा ३,५००. युनिव्हर्सलची पाच तिकिटं साधारण २०,४००. खाणं आणि तिथला बस-मेट्रोचा प्रवास २८,०००. एकूण २,५४,९००. वर ११,००० ची खरेदी, जिच्यातलं आज घरात फक्त एक फ्रिज-मॅग्नेट शिल्लक आहे. तेव्हा सिंगापूरचा डॉलर साठ-बासष्ट रुपयांना होता. आता रुपया उतरलाय, म्हणून वरच्या आकड्यात पंधरा टक्के घाला. २ लाख ९३ हजार होतात. खरेदीला उरलेले सात हजार मुलांच्या हातात आधीच देऊन टाका, म्हणजे दुकानात वाद नको.

आता हे आकडे नीट बघा. ज्या पार्कसाठी एवढा खटाटोप, त्याची तिकिटं एकूण खर्चाच्या बाराव्या हिश्श्याएवढी आहेत. आणि आपण काय करतो? त्या तिकिटावर दोनशे रुपये सूट मिळेल म्हणून रात्री बारापर्यंत मोबाइल चाळत बसतो. खरा पैसा विमानात आणि रात्रींच्या भाड्यात जातो. आमची एकेक रात्र खोल्या आणि खाणं धरून पंधरा हजारांच्या पुढे पडली. पाचवी रात्र का घेतली होती, हे मला आजही आठवत नाही. तुम्ही चारच रात्री काढा. एवढ्या एका निर्णयात तिकिटांच्या पाऊणपट पैसे वाचले.

दिवाळी की मे, याचं उत्तर त्यांच्या शाळांच्या वेळापत्रकात आहे. सिंगापूरच्या शाळांना मोठी सुट्टी मेच्या अखेरीपासून जून संपत येईपर्यंत, आणि मग नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून वर्षअखेरीपर्यंत. म्हणजे मेचे पहिले तीन आठवडे आपली मुलं मोकळी आणि तिथली वर्गात. सोमवार ते गुरुवार यांतला वार धरा. १ मे आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपासची सुट्टी टाळा, दोन्ही तिथे सार्वजनिक सुट्ट्या आहेत. दिवाळीलाही तिथे सुट्टी असते, लिटिल इंडियात सेरंगून रोडवर रोषणाई फार देखणी होते, पण आपल्याकडून जाणाऱ्या विमानांचे दर त्या आठवड्यात ऐकवत नाहीत.

मुंबईहून थेट विमान साडेपाच तासांच्या आसपास. मध्ये कुठेतरी उतरून पहाटे तीनला चार तास बसायचं तिकीट माणशी चारेक हजारांनी स्वस्त दिसेल. सासूबाईंचे गुडघे लक्षात घेता ते घेऊ नका. स्वस्त विमान कंपनीत सामानाचे पैसे वेगळे असतात, ते धरून मग तुलना करा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरलात आणि विमान रात्रीचं असेल, तर दिवसभर कोणा नातेवाइकाकडे टेकायची सोय आत्ताच करून ठेवा. नाहीतर सहल सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांचा पारा चढलेला असेल.

आता मी केलेली चूक. मुलाला ममीवाल्या रोलर कोस्टरचं वेड होतं. सहा महिने यूट्यूबवर तीच. तिथे पाऊण तास रांगेत उभे राहिलो, आणि दाराशी उभ्या कर्मचारी मुलीने हसतमुखाने उंचीची पट्टी लावली. हवेत १२२ सेंटिमीटर, मुलगा ११९. बूट घालून. तो रडला नाही, नुसता खाली मान घालून बसला, ते जास्त वाईट होतं. मिरजेला घरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण करा आणि मग ठरवा: छोटी झाडांवरून उडणारी राइड ९२ सेंमी, ट्रान्सफॉर्मर्स १०२, जुरासिक पार्कची पाण्यातली १०७, ममी १२२, बाहेरच्या दोन मोठ्या कोस्टर १२५. तुमची पाच वर्षांची लेक साधारण १०५-११० च्या आत असेल, म्हणजे दोन-तीन राइड मिळतील. मुलगा सव्वाशेच्या वर असेल तर त्याला सगळं मोकळं. एक मोठा माणूस मुलासोबत आत आणि दुसरा लेकीला घेऊन बाहेर, मग अदलाबदल. याची तिथे रीतसर सोय आहे, दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. दारावर 'चाइल्ड स्विच' म्हणून विचारा.

रांग टाळायचा एक्स्प्रेस पास घ्यायचा का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण टूरवाले विचारतील. घेऊ नका. घरातल्या पाचांतले दोघंच मोठ्या राइडवर बसणार असतील तर पाच जणांसाठी पास म्हणजे उगाच उधळपट्टी. त्यापेक्षा दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि सगळ्यात लांबच्या राइडपासून सुरुवात करा.

लहान मुलांचं तिकीट ४ ते १२ वर्षं. आमची लेक सप्टेंबरमध्ये तेरा पूर्ण करणार होती, म्हणूनच आम्ही त्या मेमध्ये घाई केली! ६० वर्षांपुढच्यांना तेव्हा जवळजवळ निम्म्या दरात तिकीट होतं, तुम्ही काढताना ते जरूर शोधा. सासूबाईंना बाहेर बसवून ठेवायचा विचार करू नका. दाराशीच हॉलीवूड आणि न्यूयॉर्कचा भाग आहे, त्यावर भलं मोठं छत आहे. माझी आई तिथल्या बाकावर बसून नाचगाणी बघत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांवर टिप्पणी करत होती. संध्याकाळी सर्वांत ताजीतवानी तीच. दुपारी वीज चमकली की बाहेरच्या राइड बंद करतात, सिंगापूरला ते नेहमीचंच आहे. तेव्हा आतले शो पाहा.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटली चालते, आणि तिथलं नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं. आत एका ताटाला पंधरा-वीस डॉलर मोजण्यापेक्षा सकाळी हार्बरफ्रंटच्या विवोसिटी मॉलमध्ये पोटभर खाऊन घ्या. तिथून सेंटोसा बेटावर मोनोरेलला माणशी ४ डॉलर पडतात. बोर्डवॉकवरून चालत गेलात तर काहीच नाही, पण सासूबाईंना मोनोरेलनेच न्या. पैसे कुठे वाचवायचे याचंही तारतम्य हवं.

पार्क एकच दिवस. उरलेले दिवस फुकटात घालवा: गार्डन्स बाय द बेच्या झाडांची रोषणाई रात्री पावणेआठ आणि पावणेनऊला, मरिना बेचा पाण्याचा शो, बोटॅनिक गार्डन, आणि परतताना चांगी विमानतळावरच्या ज्युएल मॉलमधला चाळीस मीटर उंचीचा घरातला धबधबा. माझ्या मुलाला विचारलं तर तो ममी नाही, हा धबधबा सांगतो. जेवायला सेरंगून रोडवर कोमला विलास. पाटी न बघता डोसा मागवला तरी चालतं.

व्हिसा सिंगापूरच्या आपल्याकडच्या वकिलातीने मान्यता दिलेल्या एजंटमार्फत होतो, त्याचं सरकारी शुल्क ३० डॉलर आणि ते परत मिळत नाही. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. 'एसजी अरायव्हल कार्ड' म्हणजे तिथे उतरण्याची ऑनलाइन नोंद मात्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आपणच भरायची, फुकट असते. गुगलवर वरवर दिसणाऱ्या एका भलत्याच संकेतस्थळाला मी त्याचे पैसे देऊन बसले होते. हे नवऱ्याला अजून माहीत नाही, हे सदर तो वाचत नाही.

आणि खसखस! सिंगापूरला खसखस नेणं बंद आहे, त्यांच्या लेखी ती अमली पदार्थांच्या नियमात मोडते. म्हणजे अनारसे नकोत, खसखस घातलेले डिंकाचे लाडू नकोत, मसाल्याच्या पुडीत असेल तर तीही घरीच ठेवा. घरात कोणी तंबाखू चघळत असेल तर त्यांची डबीही. भडंग, चिवडा, दशम्या खुशाल न्या.

टूरवाल्यांना तरी एकदा फोन करा आणि एवढंच विचारा: पार्कात किती तास? आमच्या शेजारच्या जोडप्याला 'सगळं त्यात' मध्ये दुपारी दोन ते सहा मिळाले होते. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूरवाल्यांनी आपल्याकडून आगाऊ घ्यायचा आयकर, लागतो; तो साडेचार लाखांत धरलाय की वेगळा, हेही विचारा. तो कर विवरणपत्र भरताना परत मिळवता येतो, पण तोवर पैसे तुमच्या खिशातून गेलेले असतात.

प्रश्न : आमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. राजकन्यांचं फार वेड. सिंगापूर की हाँगकाँगचं डिस्नेलँड? बजेट अडीच लाख, तिघंच.
— एक बाबा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हाँगकाँग. वर मिरजेच्या ताईंना सांगितलं ते उंचीचं गणित तुमच्या मुलीला सिंगापुरात फार कमी ठेवेल. हाँगकाँगचं डिस्नेलँड २००५ मध्ये सुरू झालं, आकाराने आटोपशीर आहे, आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून तिथे 'फ्रोजन' सिनेमातलं अख्खं गाव आहे. तुमच्या मुलीच्या उंचीच्या मुलांना बसता येईल असं बरंच काही आहे. भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, मात्र निघण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वनोंदणी लागते. ती फुकट आहे. ती मंजूर होईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका, नामंजूर झाल्यास व्हिसाचा लांबचा रस्ता. मेट्रो थेट पार्कच्या दारापर्यंत जाते: सनी बे स्थानकावर बदलायची, पुढच्या गाडीच्या खिडक्या मिकीच्या आकाराच्या. मुलगी तिथेच खूश होईल. डिस्नेच्या हॉटेलात राहू नका, त्या एका रात्रीच्या पैशात शहरात दोन-तीन रात्री निघतात.

हाँ, मुलगी अंधाराला, मोठ्या आवाजाला घाबरते का? माहीत नसेल तर आधी खोपोलीच्या इमॅजिकात एक दिवस काढा. माझी भाची तिथे पहिल्याच राइडवर किंचाळून अंगावर चढली. वर्षभर थांबायचं ठरलं आणि दीड लाख वाचले.

प्रश्न : धाकटा भाऊ न्यू जर्सीत आहे. म्हणतो, या, ऑर्लँडोला डिस्ने दाखवतो. राहायचं फुकट, म्हणजे स्वस्तात होईल ना?
— एक वाचक, दापोली

उत्तर : भावाच्या घरापासून ऑर्लँडो दीड हजार किलोमीटर आहे. फुकट राहणं न्यू जर्सीत, खर्च फ्लोरिडात. तिथे चार वेगवेगळे पार्क, त्यांची तिकिटं, शिवाय विमान, हॉटेल आणि भाड्याची गाडी. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जालाच माणशी १८५ डॉलर पडतात, मिळो वा न मिळो. चौघांचा हिशेब तुम्हीच करा.

व्हिसा असेलच तर भावाला सांगा की त्याच्याच राज्यात जॅक्सनला सिक्स फ्लॅग्जचं पार्क आहे, आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात हर्शी पार्क, चॉकलेटवाल्या हर्शींचं, शंभर वर्षांहून जुनं. दोन्हीकडे त्याच्या गाडीतून जाऊन रात्री घरी परतता येतं. वहिनींना सकाळी पोळ्या लाटायला लावू नका एवढंच.