ओपन फिल्टर लावल्यावर आरएक्स 100 फुल थ्रॉटलला का दबते?

नागपूरच्या मे महिन्यात ओपन फिल्टर (डबा नसलेला, जास्त हवा सोडणारा एअर फिल्टर) बसवल्यापासून तुमची यामाहा आरएक्स 100 फुल थ्रॉटलला दबते आणि थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लवकर उतरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही लीन मिक्श्चरची, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडत असल्याची खूण आहे. अशी पळवू नका, टू-स्ट्रोकचा पिस्टन सीझ होतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो.

जेटला (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) हात लावण्याआधी कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबर मॅनिफोल्ड बघा. आयडलवर त्यावर थोडं डब्ल्यूडी-40 मारा. आरपीएम बदलला तर हवा तिथूनच शिरतेय. रबर बदला, जेटने ते झाकलं जाणार नाही.

गळती नसेल तर मेन जेट 5 नंबरने वाढवा. नवा प्लग लावून मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल द्या, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा, प्लग काढा. पांढरा असेल तर अजून लीन, कॉफीसारखा तपकिरी बरोबर, काळा-ओला म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. अर्ध्या थ्रॉटलला अडखळत असेल तर कार्ब्युरेटरमधल्या नीडलची (सुईची) क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे पेट्रोल वाढेल. एअर स्क्रू पूर्ण आत आवळून साधारण दीड फेरा बाहेर ठेवा; अजून बाहेर काढला की लीन होतं.

45 अंशांत हवा विरळ असते, थंडीत दाट. मेच्या दुपारी नेमका बसलेला जेट डिसेंबरच्या पहाटे लीन पडतो, तेव्हा थंडीत प्लग पुन्हा तपासा.