‘म्हणून आम्ही हे करत नाही’ : शहरातल्या ख्रिस्ती सेवाकार्याची मूल्यं, वाचकांचे प्रश्न

शहरी वस्तीत काम करणाऱ्या सेवाकार्यानं आपली मूल्यं कशी ठरवावीत आणि रोजच्या कामात ती कशी सांभाळावीत, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळीनं (चर्चनं) शहरातल्या एका वस्तीत काम सुरू केलं, त्याला तीन वर्षं झाली. भिंतीवर ‘प्रेम, सेवा, विश्वास, एकता, प्रामाणिकपणा’ असा मूल्यांचा फलक आहे. पण बैठकीत वाद झाला की त्याच्याकडे कोणी बघतही नाही. चूक कुठे झाली?

या पाचही शब्दांना नकार देणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. वाद होतो तेव्हा दोन्ही बाजू प्रेमाचंच नाव घेत असतात. एकाला वाटतं, त्या कुटुंबाचं घरभाडं तिसऱ्यांदा भरणं म्हणजे प्रेम. दुसऱ्याला वाटतं, आता न भरणं म्हणजे प्रेम. फलक दोघांच्याही बाजूनं बोलतो, म्हणजे कोणाच्याच बाजूनं बोलत नाही.

शब्दांपासून सुरुवात करू नका, पेचांपासून करा. मागच्या वर्षभरातले आठ-दहा खरे पेच लिहून काढा. देणगीदारानं मुलांचे फोटो मागितले, स्वयंसेवकानं सलग चार वेळा वर्ग बुडवला, दुसऱ्या मंडळीनं त्याच गल्लीत तेच काम सुरू केलं. प्रत्येक पेचापुढे दोन ओळी लिहा : आपण काय केलं आणि काय करायला हवं होतं. दुसऱ्या ओळीत जे पुन्हा पुन्हा येतं, ते तुमचं मूल्य. अशी पाच ते सात पुरेत. त्याहून जास्त कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

मग प्रत्येक मूल्याचं एकच वाक्य करा. पूर्वार्धात विश्वास, उत्तरार्धात त्याची किंमत. उदाहरणार्थ : ‘प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे (उत्पत्ती १:२७), म्हणून मदत घेणाऱ्याचा चेहरा आम्ही देणगीच्या आवाहनात वापरत नाही.’ ‘म्हणून आम्ही अमुक करत नाही’ हे शेपूट ज्या वाक्याला लागत नाही, ते वाक्य प्रार्थनेत ठेवा, मूल्यांच्या यादीत नको.

मसुदा एकट्या पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) लिहू नये, आणि एका बैठकीत तर मुळीच संपवू नये. दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन बैठका घ्या. शेवटच्या बैठकीत जुन्या पेचांपैकी तीन पुन्हा समोर ठेवा. नव्या वाक्यांमुळे एकाचाही निर्णय बदलत नसेल, तर तुम्ही जुनाच फलक पुन्हा रंगवला आहे. अंतिम करण्याआधी मदत घेणाऱ्या दोघा-तिघांना मसुदा वाचून दाखवा. कुठलं वाक्य त्यांना खुपतं ते विचारा, आणि त्या वेळी समर्थन करू नका, फक्त टिपून घ्या.

प्रश्न : धान्यवाटपाआधी आम्ही पंधरा मिनिटं प्रार्थना व बायबलवाचन घेतो. काही सदस्य म्हणतात, हे योग्य नाही. मग सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, सांगायचीच नाही का?

सांगायची, पण धान्याच्या रांगेत नाही. भुकेल्या माणसाला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक नसते. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ उरत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, सतराव्या अध्यायात, येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले. उपकार मानायला परत आला तो एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. उरलेल्या नऊ जणांचा आजार काही परत आला नाही.

ही भूमिका ख्रिस्ती संस्थांना बाहेरून कोणी लावलेली नाही. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी १९९४ साली जी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता तयार झाली, ती घडवणाऱ्यांमध्ये रेड क्रॉससोबत जागतिक चर्च परिषद, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅरितास इंटरनॅशनॅलिस याही संस्था होत्या. तिचं तिसरं तत्त्व सांगतं की मदतीचा वापर एखादं राजकीय किंवा धार्मिक मत पुढे नेण्यासाठी करायचा नाही. त्याच तत्त्वात हेही आहे, की मत बाळगण्याचा संस्थेचा हक्क कायम राहतो; मदत मात्र घेणाऱ्यानं ते मत मानण्यावर अवलंबून असता कामा नये.

व्यवहारात असं करा. वाटप आणि उपासना यांच्यात किमान अर्धा तास ठेवा आणि खोली वेगळी घ्या. वाटपाच्या नोंदीत धर्माचा रकाना नको. उपासनेचं हजेरीपत्रक वाटप करणाऱ्यांच्या हाती पडू देऊ नका. घोळ बहुतेक इथेच होतो : वही एकच असते, हजेरीवर धान्य ठरतं असं लोकांना वाटू लागतं, आणि सभागृह भरतं. धान्य थांबलं की सभागृह रिकामं होतं आणि सगळ्यांनाच फसवलं गेल्यासारखं वाटतं, पाळकांनाही.

दुसरं टोकही टाळा. आपण ख्रिस्ती आहोत हे दारावरच्या पाटीवर स्पष्ट लिहा. लपवलेली ओळख उशिरा कळली, तर शेजाऱ्यांचा विश्वास जातो. ‘तुम्ही हे का करता?’ असं कोणी विचारलं तर मनापासून, सविस्तर सांगा. मदत हातात दिल्यानंतर ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असं विचारायला हरकत नाही. ‘नको’ म्हटलं, तर पुढच्या वेळी पुन्हा विचारू नका.

प्रश्न : समितीतले आम्ही सगळे वस्तीच्या बाहेर राहतो. ‘लोकांचा सहभाग’ हे आमचं मूल्य आहे, पण बैठकीला वस्तीतले लोक येत नाहीत, आले तर बोलत नाहीत. आम्ही तिथे राहायला जावं का?

आधी बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक घ्या आणि त्याचा सहावा अध्याय उघडा. यरुशलेम हे शहर, आणि रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी तक्रार. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, तक्रार करणाऱ्यांना संयम शिकवला नाही, आणि वाटपही स्वतःकडे ठेवलं नाही. सात जण निवडायला सांगितलं. ती नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक वळणाची. ज्या गटाची उपेक्षा झाली, वाटपाचा कारभार त्याच गटाच्या माणसांकडे गेला असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. आम्हालाही तोच पटतो. सहभाग म्हणजे मत विचारणं नव्हे. भांडाराची किल्ली देणं.

म्हणून समितीतल्या किमान अर्ध्या जागा वस्तीतल्या लोकांच्या असाव्यात. बारा जणांत एक-दोघे बसवले की ते मान डोलावतात. निम्मे असले की आपसात बघून बोलू लागतात. बैठक कामावरून परतल्यानंतरच्या वेळी आणि वस्तीतच घ्या. लहान मुलांना सांभाळायला कोणी तरी ठेवा, नाही तर आया येणार नाहीत. कागदपत्रं घरात बोलतात त्या भाषेत द्या, आणि बैठकीच्या चार दिवस आधी. पहिल्याच बैठकीत खऱ्या पैशांचा एक निर्णय त्यांच्यासमोर ठेवा; सजावटीचे विषय दिले की लोक ओळखतात. धनादेशावरच्या दोन सह्यांपैकी एक वस्तीतल्या सदस्याची हवी.

इथे एक चूक फार वेळा होते. आपल्याशी गोड बोलणारा किंवा वस्तीत वजन असणारा माणूसच ‘प्रतिनिधी’ म्हणून घेतला जातो आणि मदतीच्या याद्या त्याच्या घरातून निघू लागतात. मुदत दोन वर्षांची ठेवा, आणि अर्ध्या सदस्यांची मुदत दर वर्षी संपेल अशी रचना करा.

राहायला जाण्याबद्दल : या विचाराला मोठी परंपरा आहे. लंडनच्या पूर्व भागात १८८४ साली सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्यानं टॉयनबी हॉल उभारला. शिकलेल्या तरुणांनी गरीब वस्तीत येऊन राहावं ही त्यामागची कल्पना. अमेरिकेत जॉन पर्किन्स हे कृष्णवर्णीय पाळक १९६० साली कॅलिफोर्नियातून मिसिसिपीला परतले आणि पुढे त्यांनी तीन सूत्रं मांडली : लोकांमध्ये राहणं, वैर मिटवणं, आणि संधी व साधनांचं न्याय्य वाटप. पर्किन्स स्वतः त्याच भूमीत वाढलेले होते, हे मात्र त्यांचं अनुकरण करणारे विसरतात. बाहेरची पाच-सहा सधन कुटुंबं एकाच गल्लीत घरं घेऊ लागली की भाडी चढतात आणि जुने रहिवासी निघून जातात. जायचंच असेल तर एक-दोन कुटुंबांनी जावं, तिथल्या दरानं भाड्यानं राहावं, आणि पहिलं वर्ष कोणताही उपक्रम सुरू करू नये. पाणी कधी येतं आणि कचरा कोण उचलत नाही, एवढं त्या वर्षात कळलं तरी चालेल. ज्यांना जाणं शक्य नाही, त्यांनी आठवड्याचा एक ठरलेला दिवस वर्षभर न चुकता द्यावा.

प्रश्न : विश्वासू माणसं आहेत, मग पैशांच्या बाबतीत इतके नियम कशाला? त्यातून अविश्वास दिसत नाही का?

प्रेषित पौलानं यरुशलेमच्या मंडळीसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्यानं नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवला आणि कारणही लिहून ठेवलं : या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आपल्यावर दोष ठेवू नये (२ करिंथ ८:१८-२१). नियम चोरासाठी नसतात इतके विश्वासू माणसासाठी असतात. आळ आला की त्याच्या बाजूनं बोलायला कागदच उभा राहतो.

दानाची मोजणी एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघांनी, त्याच इमारतीत, त्याच दिवशी करावी. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहून दोघांनी सही करावी. बँकेत भरणारा तिसरा असावा, आणि भरणा पुढच्या कामकाजाच्या दिवशीच व्हावा. महिन्याच्या शेवटी मोजणीचे कागद आणि बँकेचा उतारा जुळवणारा चौथा. तो ना मोजणारा, ना धनादेशावर सही करणारा. चार माणसं नसतील तर शेजारच्या मंडळीतून एक मागा.

खरी घसरण मात्र चोरीतून क्वचितच होते. ती होते उसनवारीतून. मुलांच्या फीसाठी आलेले पैसे वीजबिलाला वापरले, ‘पुढच्या महिन्यात परत टाकू’ म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात छप्पर गळलं. विशिष्ट कामासाठी दिलेल्या पैशांचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. ते काम होणार नसेल तर दात्याला लिहून विचारा किंवा पैसे परत करा. तातडीच्या मदतीसाठी ठरावीक रोकड ठेवा आणि पावत्या दाखवल्यावरच ती पुन्हा भरा. भाडं घरमालकाला आणि फी शाळेला थेट द्या. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या. एकाच दात्याकडून एक तृतीयांशाहून जास्त पैसे येत असतील, तर सावध व्हा. मूल्यं तुमची राहतील, निर्णय त्याचे होतील.

प्रश्न : मुलांच्या सुरक्षेसाठी किमान काय हवं?

मुलांबरोबर कधीही दोन प्रौढ, आणि ते नवरा-बायको किंवा एकाच घरातले नकोत. दाराला काच किंवा दार उघडं. नव्या स्वयंसेवकाची ओळखपत्रं, दोन ठिकाणी चौकशी, कायद्यानं उपलब्ध असेल तिथे पोलीस पडताळणी, आणि पहिले सहा महिने मुलांची जबाबदारी नाही. मुलाशी खासगी संदेश नाहीत, एकट्याला गाडीतून नेणं नाही. तक्रार आली तर पाळकांनी ‘आपसात’ चौकशी करू नये. त्याच दिवशी पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवावं, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत, आणि संबंधित व्यक्तीला लगेच कामापासून दूर करावं. क्षमा करावी असं सांगणारं बायबलचं वचन पुढे करून मुलाला गप्प करणं हे पाप आहे, हे स्वयंसेवकांच्या पहिल्याच प्रशिक्षणात स्पष्ट सांगा.

प्रश्न : एखादा उपक्रम बंद करायचा असेल तर मूल्यं न सोडता तो कसा बंद करावा?

सुरू करतानाच आढाव्याची तारीख लिहून ठेवली असेल तर सोपं जातं. दीड-दोन वर्षांनंतरची तारीख ठीक. नसेल, तर बंद करण्याच्या किमान तीन महिने आधी सांगा, आणि आधी येणाऱ्या लोकांना सांगा, देणगीदारांना नंतर. खरं कारण सांगा. पैसे संपले असतील तर पैसे संपले. ‘देवानं दुसरी वाट दाखवली’ असं म्हणून झाकू नका. प्रत्येक कुटुंबाबरोबर बसून पुढे कुठे जाता येईल ते ठरवा, आणि पहिल्या खेपेला कोणी तरी सोबत जा. भांडी, पुस्तकं, शिलाई यंत्रं वस्तीतच राहू द्या. लोकांच्या आजारांच्या, कर्जांच्या, घरगुती भांडणांच्या नोंदी दुसऱ्या संस्थेला द्यायच्या असतील तर त्या त्या माणसाची लेखी परवानगी घ्या. परवानगी नसेल, तर कायद्यानं ठेवाव्या लागतात तेवढ्या कुलपात ठेवा आणि बाकीच्या दोघांसमोर नष्ट करा.